बुगाटी अटलांटिक : बांधल्या चार, पण आज उरल्या किती?

फिरस्ता_मिरज (प्रश्न)

नमस्कार. गेले काही महिने दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या फ्रेंच मोटारींविषयी सवडीने वाचतो आहे आणि एका साध्या आकड्यापाशी अडलो आहे. बुगाटी कंपनीची टाइप ५७ एससी अटलांटिक ही दोन आसनी गाडी १९३६ ते १९३८ या काळात चारच नगांत तयार झाली, याबद्दल कुठेही मतभेद दिसत नाहीत. मात्र या चारांपैकी आज किती अस्तित्वात आहेत, असे पाहू लागले की उत्तरे बदलतात. बहुतेक लेखांत ‘तीन’ असे येते. एका ठिकाणी ‘अस्सल अशा दोनच’ असे वाचले. आणि एका गृहस्थांनी तर ‘तीन आहेत, चौथी कुठेतरी नक्की असणार’ असे ठासून लिहिले होते.

हजारोंनी विकल्या गेलेल्या एखाद्या गाडीची आजची शिरगणती अवघड आहे, हे मी समजू शकतो. कोणाच्या गोठ्याशेजारी एखादी पडून असेल, कोणी भंगारात घातली असेल, कोणी सुटे भाग काढून दुसरीला लावले असतील. पण इथे तर एका हाताची बोटेही पुरी लागत नाहीत, प्रत्येक गाडीचा चेसिस नंबर माहीत आहे, पहिला मालक माहीत आहे, आणि तरीही आकडा एक नाही. हा केवळ लेखकांचा हलगर्जीपणा आहे, की ‘उरली’ या शब्दाचा अर्थच प्रत्येकाने वेगळा धरला आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. घाई नाही.

घाटमाथा

तुमच्या प्रश्नातला शेवटचा तर्क बरोबर आहे. पण तो पटण्यासाठी चारही गाड्यांची कुंडली एकेक करून पाहावी लागेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी पार्श्वभूमी. फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील मोल्सहाइम हे बुगाटीचे गाव. संस्थापक एत्तोरे बुगाटी यांचे चिरंजीव जाँ यांनी ही रचना केली. १९३५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी ‘एरोलिथ’ नावाची एक नमुना गाडी मांडली होती. तिचा पत्रा एलेक्ट्रॉन नावाच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा होता. हा धातू हलका खरा, पण जोडकामाच्या आचेवर पेट घेण्याची भीती असल्याने जाँ यांनी दोन्ही बाजूंचे पत्रे मध्यभागी उभ्या कडा काढून रिव्हेटांनी एकमेकांना जोडले. पुढे प्रत्यक्ष अटलांटिक गाड्या साध्या अॅल्युमिनियमच्या झाल्या, म्हणजे रिव्हेटांची गरज उरली नव्हती. तरीही नाकापासून शेपटीपर्यंत जाणारी ती शिवण तशीच ठेवली गेली आणि तीच या गाडीची ओळख ठरली. गरजेपोटी आलेली गोष्ट गरज संपल्यावर अलंकार म्हणून राहते, याचे मला ठाऊक असलेले हे सर्वांत देखणे उदाहरण आहे. ‘अटलांटिक’ हे नाव मात्र मागाहून आले: जाँ यांचे वैमानिक मित्र जाँ मेर्मोझ डिसेंबर १९३६ मध्ये अटलांटिक महासागरावर विमानासह नाहीसे झाले, त्यांच्या स्मरणार्थ.

आता चार गाड्या. पहिली, चेसिस ५७३७४, १९३६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर रॉथ्सचाइल्ड यांच्याकडे गेली. पुढे ती अमेरिकेत पोहोचली, १९७१ च्या एका लिलावात ५९,००० डॉलरांना विकली गेली, २००३ मध्ये पेबल बीचच्या प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट ठरली, आणि २०१० मध्ये पुन्हा विकली गेली तेव्हा तिची किंमत तीन ते चार कोटी डॉलरांच्या घरात असल्याचे छापून आले. त्यानंतर ती कॅलिफोर्नियातील मलिन संग्रहालयाशी जोडली गेली. या गाडीच्या वंशावळीत खंड नाही.

दुसरी, ५७४५३, ही जाँ यांच्या स्वतःच्या वापरातली, काळ्या रंगाची. १९३७ मध्ये ती नीस आणि लियाँ येथील प्रदर्शनांत मांडली गेली आणि कंपनीच्या माहितीपत्रकांतही झळकली. ११ ऑगस्ट १९३९ रोजी जाँ बुगाटी एका शर्यतीच्या गाडीची चाचणी घेताना मोल्सहाइमजवळ अपघातात गेले. वय अवघे तीस. त्यानंतर महिनाभरात युद्ध सुरू झाले. त्यांच्या काळ्या गाडीचा माग १९३८ नंतर लागत नाही. जर्मन फौजा आल्सासमध्ये शिरू लागल्या तेव्हा ती रेल्वेने सुरक्षित प्रदेशात धाडली असावी, हा एक तर्क आहे; मित्रमंडळींपैकी कोणाला तरी देऊन टाकली असावी, हा दुसरा. ती पुन्हा कोणालाही दिसलेली नाही.

तिसरी, ५७४७३, फ्रान्समधील जाक होल्झशू यांच्यासाठी बनली. १९५५ मध्ये, तेव्हाच्या मालकाच्या हाती असताना, एका रेल्वे फाटकावर आगगाडीने तिला धडक दिली. चालक जागीच गेले आणि गाडीचा चोळामोळा झाला. ते अवशेष पुढे एका संग्राहकाने घेतले आणि १९७० च्या दशकात त्यांतून गाडी पुन्हा उभी केली गेली. मूळ इंजिन मात्र कायमचे गेले.

चौथी, ५७५९१, १९३८ मध्ये इंग्लंडमधील पोप नावाच्या गृहस्थांना मिळाली. १९८८ पासून ती कपड्यांच्या व्यवसायातील राल्फ लॉरेन यांच्या संग्रहात आहे. १९९० मध्ये पेबल बीचला आणि २०१२ मध्ये इटलीतील व्हिला देस्ते येथे तिने पहिला मान मिळवला. हिच्याही इतिहासात संशयाला जागा नाही.

म्हणजे पहिली आणि चौथी याबद्दल वाद नाही, दुसरी बेपत्ता, आणि सगळा घोळ तिसरीचा. तिला धराल तर तीन, न धराल तर दोन. माझ्यापुरते मी ‘तीन’ म्हणतो, पण म्हणताना किंचित अडखळतो.

कार्ब्युरेटर_पुणे

घाटमाथा यांनी अडखळण्यापर्यंतच मजल मारली. मी स्पष्टच सांगतो की माझ्या मते उत्तर दोन आहे.

माझा व्यवसाय जुन्या फियाट आणि अॅम्बेसेडर गाड्यांचे पत्राकाम करण्याचा आहे, तेव्हा बोलतो ते हाताला लागलेल्या अनुभवातून बोलतो. बुडापासून कुजलेली गाडी गॅरेजमध्ये येते. आम्ही जमिनीचा पत्रा बदलतो, चाकांवरची मडगार्डे बदलतो, दरवाजांचे खालचे वीतभर पट्टे नवे घालतो, इंजिन उतरवून बोअर करून घेतो. ती तीच गाडी असते, कारण कामाच्या कोणत्याही टप्प्यावर समोर एक गाडीच उभी असते, मग ती कितीही उघडीनागडी असो. याउलट आगगाडीने चिरडलेल्या गाडीच्या बाबतीत वीसेक वर्षे गाडी नव्हतीच. होता तो ढिगारा. ढिगाऱ्यातून जे उभे राहिले ते अप्रतिम कारागिरीचे काम असेल, आणि ज्यांनी ते केले त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण इंजिन मूळचे नाही, आणि अंगाचा पत्रा कितपत मूळचा मानायचा हा प्रश्न आहेच. मग उरते काय? कागद आणि क्रमांक.

आपल्याकडे आरटीओमध्ये गाडी नावावर करताना चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात, हे सर्वांना ठाऊक आहे. कागदावर ती छाप उमटली की कार्यालयाच्या लेखी गाडी ‘तीच’. व्यवहारासाठी हे ठीक आहे. परंतु आपला प्रश्न नोंदणीचा नसून अस्तित्वाचा आहे, आणि बोटभर लांबीच्या आकड्यांना गाडी म्हणता येत नाही.

या संदर्भात आपल्याच देशाचा नियम पाहण्यासारखा आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे जे नियम काढले, त्यांनुसार पन्नास वर्षांहून जुने वाहन या वर्गात बसण्यासाठी ते मूळ स्वरूपात राखलेले असावे लागते, आणि चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. त्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. आता हा नियम शब्दशः लावला, तर होल्झशू यांची अटलांटिक मुंबईत आणून उभी केली तरी तिला ती पाटी मिळणे कठीण! गंमत म्हणून लिहिले आहे, पण नियम करणाऱ्यांच्या मनात ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ काय होता, ते यातून कळते.

वकिली_चष्मा

कार्ब्युरेटर यांचे विवेचन आवडले, पण नेमक्या याच मुद्द्यावर इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने १९९० मध्ये निकाल दिलेला आहे आणि तो त्यांच्या मताशी पूर्णपणे जुळणारा नाही, हे नमूद करणे भाग आहे.

गाडी होती बेंटली स्पीड सिक्स, ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे तिने ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. शर्यतीच्या गाडीचे नशीब असे की जिंकल्यानंतरही तिला कोणी देव्हाऱ्यात ठेवत नाही. पुढच्या हंगामासाठी तिचे भाग सतत बदलले जातात. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन बसवून ती ब्रुकलंड्सच्या शर्यतीत उतरवली गेली, तिथे ती धावपट्टीच्या कठड्यावरून पलीकडे गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी मृत्युमुखी पडले. त्यानंतर मालकाने ती पुन्हा बांधून घेतली, तीही बंद छताच्या वेगळ्याच रूपात. अनेक दशकांनंतर तिचा एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि खरेदीदाराने ऐनवेळी पाऊल मागे घेतले. त्याचे म्हणणे असे की १९२९ सालच्या गाडीतले यात जवळजवळ काहीच नाही, तेव्हा ही ती गाडी नव्हेच.

न्यायमूर्ती ऑटन यांनी दोन शब्दांत भेद केला आणि माझ्या मते सगळ्या चर्चेची किल्ली तिथे आहे. ही गाडी ‘मूळ’ नाही, असे त्यांनी मान्य केले, कारण शर्यत जिंकताना तिच्यात असलेले भाग आज तिच्यात फारसे नाहीत. परंतु ती ‘अस्सल’ आहे, कारण ती कधीही नाहीशी होऊन दुसऱ्याच कोणत्या गाडीच्या रूपाने अवतरली नाही. एकाच गाडीत टप्प्याटप्प्याने बदल होत गेले आणि तिची ओळख त्या प्रवासात अखंड राहिली. खरेदीदार हरला.

आपल्याकडे हा भेद समजायला न्यायालयाची गरज भासू नये. देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा सभामंडप नवा होतो, शिखर नवे होते, झिजलेल्या मूर्तीला वज्रलेप दिला जातो, तरी गावकरी ते देऊळ ‘पेशवाईपासूनचे’ म्हणूनच सांगतात आणि कोणी त्यांना खोटे ठरवत नाही. कारण पूजा थांबलेली नसते.

हा निकष होल्झशू यांच्या ५७४७३ ला लावायचा, तर विचारावे लागेल की पूजा थांबली होती का. कार्ब्युरेटर म्हणतात, थांबली होती. मी म्हणतो, अवशेष एका ठिकाणी होते, ते कोणाचे हे माहीत होते, ते मोडीत वितळवले गेले नाहीत आणि त्यांतूनच पुनर्बांधणी झाली. म्हणजे धागा बारीक झाला पण तुटला नाही. तेव्हा माझे उत्तर: अस्सल तीन, मूळ दोन. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, मात्र लिहिणाऱ्याने कोणता शब्द वापरला आहे ते सांगायला हवे, आणि नेमके तेच कोणी सांगत नाही.

फिरस्ता_मिरज

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हा भेद माझ्या वहीत लाल शाईने लिहून ठेवला आहे. एक उपप्रश्न: इथे संख्या चारवरून खाली येते आहे. जुन्या गाड्यांची संख्या कालांतराने वाढल्याचे उदाहरण आहे का? प्रश्न वेडगळ वाटेल, पण एका जग्वारविषयी सोळा, अठरा आणि पंचवीस असे तीन आकडे वाचल्याचे आठवते.

कॉव्हेंट्रीकर

प्रश्न अजिबात वेडगळ नाही, आणि तुम्हाला आठवते आहे ती गाडी जग्वार एक्सकेएसएस. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री या ज्या शहरात मी गेली अकरा वर्षे राहतो तिथलीच ही हकिकत आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

जग्वारच्या डी-टाइप या शर्यतीच्या गाडीने १९५५, १९५६ आणि १९५७ अशी तीन वर्षे ल माँ जिंकले. पण १९५६ च्या अखेरीस कंपनीने स्वतःचा शर्यतीचा संघ मोडला आणि न विकलेल्या पंचवीस डी-टाइप हाती शिल्लक राहिल्या. त्या रस्त्यावर चालवण्याजोग्या करून प्रामुख्याने अमेरिकेत विकाव्यात, असे ठरले. चालकाच्या डोक्यामागचा माशाच्या परासारखा उभा पत्रा काढला, दुसऱ्या बाजूला दरवाजा दिला, पूर्ण रुंदीची काच आणि कापडी टप बसवला, सामानासाठी मागे जाळी लावली. काम चालू असतानाच १२ फेब्रुवारी १९५७ च्या संध्याकाळी ब्राउन्स लेन येथील कारखान्याला भीषण आग लागली आणि पंचवीसपैकी नऊ गाड्या जळाल्या. बाहेर पडल्या त्या सोळा. चित्रपट अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांनी घेतलेली, विकलेली आणि न राहवून पुन्हा परत घेतलेली गाडी या सोळांतलीच. ती आज लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात आहे. पुढे आणखी दोन डी-टाइपचे कंपनीनेच तसे रूपांतर करून दिले, म्हणून काही जण अठरा म्हणतात.

आता पंचवीस. २०१६ मध्ये जग्वारने जाहीर केले की आगीत गेलेल्या नऊ गाड्या ती पुन्हा बांधणार. जुन्या गाड्यांची मोजमापे त्रिमितीय पद्धतीने घेऊन, एकेका गाडीसाठी सुमारे दहा हजार मनुष्य-तास खर्चून, दहा लाख पौंडांहून अधिक किमतीला त्या तयार झाल्या, आणि त्यांना १९५७ च्या नोंदवहीतले पुढचे चेसिस क्रमांक देण्यात आले. याआधी लाइटवेट ई-टाइप या जग्वारच्याच दुसऱ्या गाडीच्या बाबतीत हेच झाले होते: योजल्या होत्या अठरा, बनल्या बारा, उरलेल्या सहा २०१४ पासून बांधल्या गेल्या. हे सगळे घडले तेव्हा जग्वारची मालकी मुंबईच्या टाटा मोटर्सकडे होती, म्हणजे कॉव्हेंट्रीतल्या १९५७ च्या आगीचा हिशेब सहा दशकांनी एका अर्थाने बॉम्बे हाउसच्या खातेवहीत पुरा झाला. इथल्या मराठी मंडळात हे सांगितले की सगळ्यांना फार बरे वाटते.

तरीही माझे मत असे की या नऊ गाड्यांना ‘उरलेल्या’ म्हणता येणार नाही. वकिली_चष्मा यांच्या भाषेत सांगायचे तर इथे जीर्णोद्धार नाही, नव्या मूर्तीची प्रतिष्ठापना आहे. मूळ कंपनीने केली, मूळ मोजमापाने केली, म्हणून ती नकली ठरत नाही. पण १९५७ साली ज्या जळाल्या त्या जळाल्याच. शिवाय ‘पंचवीसपैकी सोळा वाचल्या’ हे वाक्यही फसवे आहे. त्या नऊ कोणाच्या दारात कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या, तेव्हा ‘किती टिकल्या’ हे मोजताना छेदस्थानी सोळाच घ्यायला हवेत.

कार्ब्युरेटर_पुणे

कॉव्हेंट्रीकर यांच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. त्यात भर एवढीच की ज्या गाडीची किंमत आभाळाला भिडते ती सहसा ‘मरत’ नाही. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ मध्ये छत्तीस बनल्या आणि छत्तीसही आज आहेत असे मानले जाते. त्यांतल्या एका गाडीत, चेसिस ३८५१ मध्ये, फ्रान्सचे ऑलिंपिक विजेते स्कीपटू आंरी ओरेये १९६२ साली माँलेरीच्या शर्यतीत मरण पावले होते. ती दुरुस्त झाली आणि २०१४ च्या लिलावात तिला ३ कोटी ८० लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. तीच गाडी एखादी साधी सेडान असती तर १९६२ मध्येच भंगारवाल्याकडे गेली असती. टिकणे हा पुष्कळदा पत्र्याचा गुण नसून बाजाराचा असतो. होल्झशू यांच्या गाडीबद्दल मात्र मी दोनवरच ठाम आहे. वकीलसाहेबांनी राग मानू नये.

वकिली_चष्मा

राग कसला? अपिलाची मुदत अजून संपलेली नाही.

घाटमाथा

एक गोष्ट राहून गेली, तीही फिरस्ता यांच्या मूळ प्रश्नातलीच: ‘चौथी कुठेतरी नक्की असणार’ हे विधान.

ही ‘चौथी’ म्हणजे जाँ यांची बेपत्ता काळी गाडी, ५७४५३. ती सापडली तर तिची किंमत दहा कोटी युरोंच्या पुढे जाईल, असा अंदाज खुद्द बुगाटी कंपनीने वर्तवला आहे. २०१९ मध्ये कंपनीने तिच्या आठवणीत ‘ला व्वातूर नुआर’, म्हणजे ‘काळी गाडी’, या नावाने एकच आधुनिक गाडी बनवली, तिचीसुद्धा करांपूर्वीची किंमत १ कोटी १० लाख युरो होती. इतका पैसा पणाला लागलेला असताना ऐंशीहून अधिक वर्षांत एखादा दरवाजा, एखादा दिवा, इंजिनावरची एखादी पाटीसुद्धा उजेडात येऊ नये, हे गाडी शाबूत असल्याचे लक्षण मला वाटत नाही. युद्धात ती बाँबहल्ल्यात गेली असेल किंवा अॅल्युमिनियमसाठी वितळवली गेली असेल, ही शक्यता मला अधिक वास्तव वाटते, मनाला कितीही न रुचो.

आणि समजा उद्या कोणी तो क्रमांक ठोकलेली चौकट घेऊन पुढे आला, तर वरच्या सगळ्या चर्चेचा कस तिथे लागेल. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा आस आणि चौकट या चारही ठिकाणचे कारखान्याचे क्रमांक परस्परांशी जुळतात का, अंगाच्या शिवणीवरचे रिव्हेट जाँ बुगाटींच्या काळातल्या छायाचित्रांशी जुळतात का, आणि १९३८ पासून आजपर्यंत गाडी कोणाकोणाच्या ताब्यात होती याची कागदोपत्री साखळी आहे का, हे तिन्ही तपासावे लागेल. नुसत्या क्रमांकावर मी विश्वास ठेवणार नाही, आणि या बाबतीत कार्ब्युरेटर यांची पेन्सिलही उपयोगी पडणार नाही.

तोवर फिरस्ता यांनी वहीत असे लिहावे: बांधल्या चार, अखंड इतिहासाच्या दोन, अवशेषांतून उभी केलेली एक, बेपत्ता एक.